रावजीचा डावा गाल

"फोटो म्हणजे काय गो तुळसा? स्टुलावर बसायचा, समोर बघायचा नि उठायचा! निवळीच्या घाटात भरलेली गाडी मागं घेणारा माणूस मी. मी काय फोटोला भिणार?"

रावजीने हे इतक्या तोऱ्यात सांगितलं की चुलीपुढच्या मांजरानेसुद्धा मान वर केली. आणि तोरा काही खोटा नव्हता. रावजी एसटीचा ड्रायव्हर. रत्नागिरी-चिपळूण हा त्याचा रस्ता. आयुष्य त्या रस्त्यावर गेलं, पण माणूस सोडाच, आडवी धावणारी कोंबडीसुद्धा कधी त्याच्या चाकाखाली आली नाही. डेपोत नुकतेच नवे मॅनेजर आले होते. साहेब साताऱ्याकडचे, मिशी भरघोस आणि हौस त्याहून भरघोस. त्यांनी ठरवलं, की एकही अपघात न केलेल्या ड्रायव्हरचा मोठा फोटो काढायचा, काचेच्या चौकटीत बसवायचा आणि स्टँडवर चौकशीच्या खिडकीवर लावायचा. पहिला मान रावजीला!

तुळसाने मात्र नवऱ्याला डावीकडून बघितलं, मग चार पावलं फिरून उजवीकडून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अवो, पन तुमचा तोंड?"

आता रावजीच्या तोंडाचं सांगायलाच हवं. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे. रावजी सकाळी चिपळूणला निघायचा, म्हणजे उत्तरेला. तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या खिडकीत. दुपारी तो परत फिरायचा, म्हणजे दक्षिणेला. तोवर सूर्य पश्चिमेकडे कललेला, म्हणजे पुन्हा उजव्याच खिडकीत! उजवा गाल सगळ्याच ड्रायव्हरांचा थोडाफार रापतो, पण रावजीच्या गालावर सूर्याने जाता-येता ड्युटी केली होती. उजवी बाजू पावसाळे खाल्लेल्या चिऱ्यासारखी काळी आणि डावी तांदळाच्या भाकरीसारखी गोरी. मधोमध नाकावरून सरळ रेघ! डावीकडून भेटलेला माणूस उजवीकडून भेटला की नव्याने ओळख करून घ्यायचा.

रावजीला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते तुळसाला. पुतण्याच्या लग्नात सगळ्यांचा मिळून फोटो काढला होता. तो दुसऱ्या दिवशी पूजेला हातात आल्यावर तिची मुंबईची नणंद मैना भर मांडवात म्हणाली होती, "वयनी, दादाचा अर्धा फोटो धुवायचा ऱ्हायला काय गो?" सगळं वऱ्हाड हसलं. तुळसाही हसली, पण घरी आल्यावर तिने तो फोटो ट्रंकेच्या तळाशी घातला, तो पुन्हा काढला नाही. आता तोच चेहरा स्टँडवर टांगला जाणार होता आणि शिमग्याला मैना त्याच स्टँडवर उतरणार होती!

"ह्या वेळेला तिला तोंड उघडायला जागा ठेवायची नाय," तुळसा पदर खोचत म्हणाली. "दोनी गाल एका रंगाचे झालेच पायजेत!"

झालं, त्याच संध्याकाळपासून रावजीचा उजवा गाल ही घरातली सार्वजनिक जागा झाली. सकाळी दुधाची साय. दुपारी हळद आणि बेसन. रात्री लिंबू. भाजीला लिंबू नाही, पण गालाला आहे! कोणी सांगितलं पपई, की पपई. चार दिवसांनी निकाल लागला. आधी काळा असलेला गाल आता पिवळट काळा दिसू लागला होता.

तेवढ्यात हमीद आला. हमीद म्हणजे रावजीच्या गाडीचा कंडक्टर. गाडीत घंटी वाजवणं आणि गाडीबाहेर सल्ला देणं, ही दोन्ही कामं तो सारख्याच उत्साहाने करायचा. त्याने रावजीची हनुवटी धरून तोंड फिरवून बघितलं.

"भाबी, चुकलात तुमी," तो म्हणाला. "काळा गोरा करायला जाताव, तो होईल काय? गोरा काळा करा! आमच्या अहमदचा बघा ना."

अहमद हा हमीदचा भाऊ, दुबईत ट्रक चालवायचा आणि सध्या सुट्टीवर घरी आला होता. तिकडे ड्रायव्हर बसतो डावीकडे. म्हणून अहमदचा डावा गाल काळा आणि उजवा गोरा! रावजी आणि अहमद शेजारी उभे राहिले, तर दोघांचे मिळून एक काळा माणूस आणि एक गोरा माणूस असे बरोब्बर हिशेबाने पडले असते.

"अहमदचा डावा गाल एका वर्षात रापला," हमीद म्हणाला. "रावजीभायनी रजा घ्यावी, अंगणात बसावा, डावी बाजू सूर्याकडं करावी. सोमवारी फोटो. तवर दोनी गाल कसे, सख्खे भाव!"

"नि उजवा?" तुळसाने विचारलं.

"तो झाकून ठेवा. त्याला आता आराम!"

दुसऱ्या दिवशी रावजीने आयुष्यातली पहिली विनाकारण रजा टाकली आणि तो अंगणात खुर्ची टाकून बसला. तुळसाचा सायीवरचा विश्वास उडाला होता, पण मसुराच्या डाळीवर अजून शाबूत होता. तिने उजव्या गालावर वाटलेल्या डाळीचा जाड लेप थापला, वरून टॉवेल गुंडाळला आणि बजावलं, "तोंड हलवायचा नाय. लेप तडकला तर फुकट!"

डाळ वाळली. वाळता वाळता अशी आवळली, की रावजीच्या ओठांची उजवी बाजू जागच्या जागी थिजली. नेमकी त्याच वेळी शेजारची मालन पिशवी घेऊन बाहेर पडली. ती माहेरी, संगमेश्वरला, निघाली होती.

"काय वो रावजीदादा, आज गाडी नाय? उनात कशाला बसलाव?"

रावजी डाव्या बाजूने म्हणाला, "फॉ... फॉटॉ..."

"काय?"

"फॉटॉ... श्टँड..."

आणि त्याच्या ओठातून लाळेचा एक थेंब शर्टावर पडला. मालनचे डोळे विस्फारले. अर्धं तोंड गुंडाळलेलं, अर्ध्या तोंडाने बोलणं आणि वर लाळ! तिच्या चुलत सासऱ्यांना लकवा झाला होता, तेव्हा अगदी असंच झालं होतं. तिने "अगो बाय माझे!" म्हणून पिशवी छातीशी धरली, आणि थेट स्टँड गाठला.

पुढचं काम एसटीने केलं. टपालाला वेळ लागतो, पण एसटीने निघालेली बातमी प्रत्येक थांब्यावर उतरते, चहा पिते आणि अंगाने भरून पुढे जाते. हातखंब्याला रावजीचं फक्त तोंड वाकडं झालं होतं. संगमेश्वरला मालन उतरली, पण बातमी उतरली नाही, आणि तिथे रावजीचा हात गेला. आरवलीला पाय गेला. सावर्ड्याला वाचा गेली. चिपळूणच्या स्टँडवर तर ड्रायव्हर मंडळी टोप्या काढून शांत उभी राहणार, एवढ्यात हमीद गाडीतून उतरला आणि ओरडला, "अरे, तो अंगणात ऊन खातोय!"

"बिचाऱ्या हमीदला धक्का बसलाय," सगळे म्हणाले आणि त्याला पाणी पाजलं.

संध्याकाळी रावजीच्या दारात जीप थांबली. खुद्द मॅनेजरसाहेब! रावजी घाईघाईने उठला. टॉवेल सुटला आणि साहेबांना तो पूर्ण दिसला. उजवी बाजू डाळीच्या रंगाची, डावी उन्हाने लालबुंद.

"रावजी, हात वर करा!" साहेब ओरडले.

रावजीने दोन्ही हात वर केले.

"पाय!"

साहेबांचा हुकूम म्हणून गोंधळात त्याने दोन्ही पाय एकदम उचलले आणि धप्पकन तुळशीवृंदावनापाशी बसला.

"अरेरे!" साहेब हळहळले. "पायसुद्धा!"

"तसा नाय सायब!" तुळसा पुढे धावली, पण तिलाही पुढे बोलवेना. दिसायला बरं दिसावं म्हणून हा गृहस्थ डाळ थापून बसलाय, हे साहेबांना सांगायचं कसं? रावजीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाटात गाडी मागे घेणारा माणूस गालाला लेप लावतो, हे डेपोत कळलं असतं तर त्याला पेन्शन निघेपर्यंत कोणी सोडलं नसतं. तो डाव्या बाजूने एवढंच म्हणाला, "ऊन... लागला सायब."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बघा रावजी, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याचं तोंड एका बाजूने चालतं, त्याच्या हातात मी माणसांनी भरलेली गाडी देणार नाही. सोमवारी स्टुडिओत मी स्वतः येतो. तिथे मला हसून दाखवायचं. दोन्ही बाजूंनी! हसलात तर फोटो तुमचा आणि गाडीही तुमची. नाहीतर स्टुलावर बाबल्या बसेल आणि तुम्ही डॉक्टरांकडे जाल."

बाबल्या पावसच्या गाडीवरचा ड्रायव्हर. गाडी बरी चालवायचा, पण बढाया फार! जीप गेली आणि रावजी पायरीवर बसून राहिला. फोटोचं त्याला पहिल्यापासून काही नव्हतं. पण गाडी? ते पहाटेचं थंड स्टिअरिंग, ते बावनदीचं वळण, आणि "रावजीदा, जरा थांबव रे!" म्हणून बांधावरून धावत येणारी माणसं. हे सगळं एका मसुराच्या डाळीपायी जाणार या विचाराने त्याला खरोखरच कसंतरी झालं. तुळसाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तीही शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं, पण आधी लेप धुणं भाग होतं.

सोमवारी सकाळी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. डावा गाल काळा झालाच नव्हता! गोऱ्या कातडीला हे ऊन नवीन. ती लाल झाली आणि उकडलेल्या बटाट्यासारखी तिची सालं सुटायला लागली.

"आता रामाशिवाय गती नाय!" तुळसा म्हणाली.

रामा म्हणजे त्यांच्या वाडीतल्या नमन मंडळाचा, म्हणजे नाचगाण्याची सोंगं करणाऱ्या मंडळींचा, रंगवणारा. नमनात पुरुषांचीच गवळण व्हायची, आणि ती करायची रामाने. वयाने त्याची नजर अधू झाली होती, पण हात तयार होता. तो आपली पत्र्याची पेटी घेऊन आला. पेटीत सफेदा नि मुर्दाडशिंग हे तोंडाचे रंग, काजळ, खोबरेल आणि मिशा चिकटवायचा गोंद. त्याने मांडी ठोकली आणि विचारलं, "सोंग कोनता?"

"सोंग नाय रे. फोटो काढायचाय!"

"फोटोतला पन सोंगच ना? राजा करू, राक्षस करू, का गवळण?"

"ड्रायव्हर कर!"

रामा विचारात पडला. "ड्रायव्हर आजवर केला नाय," तो म्हणाला. "राजाच करतंय. राजाला टोपी घातली की ड्रायव्हर!"

आणि त्याने कामाला सुरुवात केली. खोबरेलात कालवलेला सफेदा आणि मुर्दाडशिंग त्याने रावजीच्या दोन्ही गालांवर असा चढवला, की मधली रेघ गेली, काळा गेला, लाल गेला, आणि खरं सांगायचं तर रावजीही गेला! उरला तो गुलाबी गालांचा, कमानदार भुवयांचा कुणीतरी राजा. तुळसाने त्याला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. दोन्हीकडे एकच नवरा! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त हसू नका," रामा पेटी बंद करत म्हणाला. "डाव्या अंगाला सालं हायत, रंग धरत नाय. हसलाव की पडला!"

तुळसाने रावजीकडे बघितलं. रावजीने तुळसाकडे बघितलं. हसला नाही तर गाडी जाणार आणि हसला तर तोंड जाणार!

बाजारातल्या बोळात बाळा फोटोवाल्याचा स्टुडिओ होता. रावजी, तुळसा, हमीद आणि पेटीसकट रामा असे सगळे एका रिक्षातून तिथे पोचले. आत बाबल्या आधीच तयार होता. गुळगुळीत दाढी, मानेपर्यंत पावडर आणि खिशाला चक्क गुलाबाचं फूल! साहेब हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे होते. रावजी कुणाकडेही न बघता, मान ताठ ठेवून स्टुलावर जाऊन बसला. बाळाने मोठे दिवे लावले. दिव्यांच्या धगीने खोबरेल पाघळायला लागलं आणि रावजीच्या कपाळावरून राजेपण हळूहळू भुवयांकडे निघालं.

"हं, रावजी," साहेब म्हणाले. "हसा."

रावजी पुतळ्यासारखा.

"हसा म्हणतो मी!"

रावजीने डोळ्यांनी हसायचा प्रयत्न केला. साहेबांना वाटलं, त्याला झटका आला.

"बघा सायब, मी हसू काय?" बाबल्या स्टुलाकडे सरकला आणि बत्तिशी दाखवून मोकळा झाला.

साहेबांनी निराशेने मान हलवली. गेली गाडी! तुळसाने डोळे मिटून घेतले. आणि नेमक्या त्याच वेळी रामाचं लक्ष साहेबांच्या मिशीकडे गेलं. त्याच्या अधू नजरेला एवढंच दिसलं, की हे काम मोठ्या कसबी हाताचं आहे. तो जवळ गेला, पार नाकाला नाक लागेपर्यंत गेला, आणि धंद्यातला माणूस दुसऱ्याचा माल तपासतो तशी त्याने साहेबांची मिशी चिमटीत धरून ओढली.

"काय बसवलीन हाय वो!" तो कौतुकाने म्हणाला. "गोंद खंयचा? आमची तर दुसऱ्या गाण्यालाच सुटते!"

"आई गं!" साहेब कळवळले.

आणि रावजी फुटला! आधी पोट हललं, मग खांदे हलले, आणि मग सगळा स्टुडिओ दणाणून टाकत तो असा हसला, की स्टूलच डुगडुगायला लागलं. डाव्या गालावरचा रंग पोपड्यांनी खाली पडत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तो थांबेना.

साहेब मिशी चोळत जवळ आले. चिडायचं विसरून रावजीच्या तोंडाकडे बघत राहिले. "अरे, हसतोय की! दोन्ही बाजूंनी हसतोय! उद्यापासून गाडीवर या, रावजी!" असं म्हणून ते स्वतःच हसायला लागले. बाबल्याने गुलाब खिशातून काढला आणि हळूच खुर्चीखाली टाकला.

आता प्रश्न राहिला फोटोचा. बाळाने रावजीला निरखलं. उजवा गाल जागेवर होता. डावीकडची भिंत पडली होती.

"उजवीकडून दिवा टाकतंय," तो म्हणाला. "डावा गाल सावलीत जाऊ दे."

"सावली नको!" रावजी ओरडला. "दोनी गाल सारखे दिसले पायजेत!"

"तुमच्या गाडीत ब्रेक दाबायला मी येतंय काय? मग गप बसा!" बाळाने दिवा फिरवला आणि बटण दाबलं. फोटो झाला. मग डोकं काळ्या कपड्यातून बाहेर काढून त्याने विचारलं, "पन काय वो, तोंडाची ही दशा केलीत कशाला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रावजीने सगळं सांगितलं. सायीपासून मसुरापर्यंत. बाळा ऐकत राहिला आणि मग त्याने डोक्याला हात लावला.

"अवो, होताव तसे आला असताव तर उजवा गाल सावलीत टाकला असता! झाला काम! अर्धा तोंड काळोखात ठेवला की लोक म्हणतात, काय भारी फोटो! तुमचा तर देवानंच अर्धा करून पाठवला होता!"

रावजीने तुळसाकडे बघितलं. तुळसाने हमीदकडे बघितलं. हमीद छताकडे बघायला लागला.

आठवड्याभरात फोटो स्टँडवर लागला. आणि खोटं कशाला बोला, झाला होता झकास! कडक खाकी, छातीवर बिल्ला, डोळ्यांत मघाच्या हसण्याची ओल. उजवा गाल दिव्यात असा उजळलेला, की तुळसा बराच वेळ बघतच राहिली. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांतून तिने हाच गाल बघितला होता, सूर्याचा हात लागण्याआधीचा. "अस्सेच होताव तुमी," ती हळूच म्हणाली. रावजी लाजला. दोन्ही गालांनी.

डेपोतली मंडळी खाली जमली होती. सगळे मान वर करून बघत होते, पण सगळ्यांच्या कपाळावर आठी. काहीतरी चुकत होतं. ड्रायव्हर लोकांना तोंड बघायची सवय कमी, गाल बघायची जास्त. शेवटी बाबल्याच्याच ते लक्षात आलं.

"उजवा गोरा, डावा काळा!" तो ओरडला. "अरे, ह्यो आपला ड्रायव्हर नाय! ह्यो दुबईचा ड्रायव्हर!"

स्टँड हसून हसून लोळला. रावजीने तेही सोसलं. पण मग शिमगा आला आणि मुंबईच्या गाडीतून मैना उतरली. तिने फोटो बघितला. तिच्या मालकांचे दोघे भाऊ दुबईतच ड्रायव्हर होते, त्यामुळे तिला गालाची भाषा कळत होती. ती तडक घरी आली आणि पायसुद्धा न धुता म्हणाली, "वयनी! दादा दुबईला जाऊन आला नि मला सांगितलास पन नाय?"

तुळसाच्या डोळ्यांपुढे तो लग्नाचा मांडव उभा राहिला, ते हसणारं वऱ्हाड उभं राहिलं. आणि ती शांतपणे म्हणाली, "थोडेच दिवस गेले होते गो. ह्यांना काय मेली हवा मानवली नाय!"

मैनाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तुळसाला त्या वर्षी पुरणपोळी फार गोड लागली.

पण मैना परत जाताना एसटीनेच गेली, आणि एसटीने गेलेल्या बातमीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आता रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी कोणी ना कोणी रावजीच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. कधी हातखंब्याचा, कधी आरवलीचा. नमस्कार करतो, फोटोकडे बघतो, मग इकडे तिकडे बघून हळूच विचारतो, "रावजीदादा, दुबईचा जमेल काय वो? तुमची वळख हाय म्हणतात."

रावजी आपला काळा गाल त्याच्याकडे वळवतो, गाडी चालू करतो आणि म्हणतो, "दुबईचा मला ठावक नाय. चिपळूणला जायचा असेल तर चढ, तिकीट हमीद देईल!"